आधी निमंत्रणाचं पत्र लिही

प्रिय,

तुझी कॉमिक्सची पानं मिळाली, पत्रही मिळालं. शेवटच्या लोकलच्या दारात दोघी उभ्या आहेत आणि एकीची ओढणी दुसरीच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकली आहे, ती चौकट फार सुंदर उतरली आहे. त्या चौकटीत संवादाचा फुगा नको, काढून टाक. ओढणी सगळं सांगते आहे. बाकीच्या पानांवर मात्र अक्षरांना जागा कमी पडते. तू आधी चित्र पुरं करून मग उरलेल्या जागेत संवाद कोंबले आहेस, हे लगेच कळतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा लागते आणि खाली उकार लागतो, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त हवं. आधी पेन्सिलीने अक्षरं लिही, त्याभोवती फुगा आख आणि मग माणसं उभी कर.

आता तुझे प्रश्न. स्वतःचं पुस्तक आधी करावं, की क्वीअर चित्रकारांचा एकत्र अंक काढावा? आणि अंकावर खरं नाव छापलं तर जाहिरातीची कामं जातील का? हे दोन्ही प्रश्न हॉवर्ड क्रूझ या अमेरिकन चित्रकारासमोर एकाच वेळी येऊन ठेपले होते, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

क्रूझ १९४४ साली अलाबामात एका पाद्र्याच्या घरी जन्मला. १९७९ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये राहत होता आणि मासिकांसाठी चित्रं काढून पोट भरत होता. तेव्हा किचन सिंक प्रेस या प्रकाशनसंस्थेचे डेनिस किचन यांनी त्याला विचारलं, समलिंगी चित्रकारांच्या कॉमिक्सचा अंक संपादित करशील का? तो लगेच हो म्हणाला नाही. संपादक म्हणून नाव छापलं की सगळ्या कला-संपादकांना कळणार, आणि कामं थांबली तर भाडं कुठून भरायचं, ही त्याची काळजी अगदी खरी होती. तुझीही खरी आहे. २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बद्दल निकाल लागला म्हणून एजन्सीतल्या प्रत्येकाचं मन बदललं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. पण क्रूझने विचार केला आणि हो म्हटलं.

पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. अंक काढायचा तर चित्रकार हवेत, आणि कोण समलिंगी आहे हे उघड विचारायची सोय नव्हती. तेव्हा किचन यांच्या ओळखीतल्या चित्रकारांना सरसकट एक पत्र धाडण्यात आलं. उत्तर द्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुणाला उघडं पाडायचं नाही, पण दार मात्र सगळ्यांना दिसलं पाहिजे. १९८० मध्ये ‘गे कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. त्यात मेरी विंग्ज, रॉबर्टा ग्रेगरी, ली मार्स या बायका होत्या. बायका आणि पुरुष दोघांनाही बरोबरीची जागा मिळाली पाहिजे, हा क्रूझचा आग्रह होता. विंग्ज आणि ग्रेगरी यांनी तर सत्तरच्या दशकातच स्वतःच्या हिमतीवर आपापली कॉमिक्स काढली होती. विंग्जचं ‘कम आउट कॉमिक्स’ १९७३ चं, म्हणजे क्रूझच्या अंकाच्या सात वर्षं आधीचं. क्रूझने त्यांना शोध लावल्यासारखं मिरवलं नाही, मानाने बोलावलं. तूही आधी तुझ्या अगोदर कोण होतं ते पाहा.

त्याची स्वतःची कथाही त्या अंकात होती. बिली नावाचा माणूस एका रात्री बाहेर पडतो, बारमध्ये हिंडतो, आणि डोक्यात मागच्या आठवणी चालूच राहतात. विनोदी, गोंडस चित्रांसाठी ओळखला जाणारा हा चित्रकार इतकं खासगी काही पहिल्यांदाच काढत होता. इतरांकडून खरं मागायचं तर आपलंही टेबलावर ठेवावं लागतं. माझं तर मत आहे की संपादक झाला नसता तर तो हे काढायला धजावलाच नसता. म्हणून मी तुला पुस्तकाआधी अंक काढ म्हणते.

चार अंक झाल्यावर त्याने ते काम रॉबर्ट ट्रिप्टो यांच्या हवाली केलं. अंक १९९८ पर्यंत निघत राहिला. अ‍ॅलिसन बेकडेल या चित्रकार बाईंना ऐन विशीत तो न्यूयॉर्कच्या एका पुस्तकाच्या दुकानात सापडला आणि १९८३ पासून त्यांची स्वतःची कॉमिक्स-मालिका सुरू झाली. त्यांचं ‘फन होम’ हे चित्ररूप आत्मकथन २००६ मध्ये आलं, ते तू वाचलंच असशील. किती अंक तू करशील आणि नंतर कुणाकडे देशील, हे आत्ताच मनाशी ठरव. संपादकाने खुर्ची धरून ठेवली की अंक त्याच्याबरोबरच म्हातारा होतो.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण याविषयी कुणी बोलत नाही. क्रूझचं ‘स्टक रबर बेबी’ हे कॉमिक्सचं पुस्तक १९९५ मध्ये आलं. दोनशेवर पानं, साठच्या दशकातलं अमेरिकेच्या दक्षिण भागातलं शहर, वर्णभेदाविरुद्धची चळवळ आणि स्वतःशी खोटं बोलणारा एक तरुण. एखादं पान भिंगाखाली धरून बघ. गाल, भिंत, रात्रीचं आकाश, सगळं बारीक तिरप्या रेषांच्या जाळीतून विणलेलं आहे. अशी जाळी घाईत होत नाही. दोन वर्षांत होईल असं वाटलेलं काम चार वर्षं चाललं, आगाऊ रक्कम संपली, आणि त्याने हितचिंतकांना मूळ पानं आधीच विकून घर चालवलं. पुढे त्या पुस्तकाला कॉमिक्ससाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला, पण त्या चार वर्षांचं भाडं पुरस्काराने भरलेलं नाही. म्हणून जाहिरातीची कामं सोडू नकोस. एका पानाला खरोखर किती तास लागतात ते वहीत लिहून ठेव आणि त्यावरून हिशेब मांड.

अंकातल्या चित्रकारांना मानधन दे, थोडं का होईना, आणि आकडा आधी सांग. चित्रांचे हक्क चित्रकाराकडेच राहतील हे लेखी दे. टोपणनाव घेणाऱ्याला कारण विचारू नकोस. त्याचा पत्ता, बँक खातं, खरं नाव तुझ्याशिवाय कुणाच्या हाती जाऊ देऊ नकोस. अंक पाहून कुणाच्या घरी वादळ झालं तर फोन उचलायची तयारी ठेव. हे संपादकाचंच काम आहे.

तुझ्या नावाचा निर्णय मी घेणार नाही, तो तुझा आहे. पहिल्या अंकापुरतं टोपणनाव घेतलंस तरी माझ्या नजरेत तू कमी ठरणार नाहीस.

निमंत्रणाच्या पत्राचा मसुदा सगळ्यांना पाठवण्याआधी मला दाखव. एका पानात बसव. अंक कशाबद्दल, पानांचा आकार, रंग की काळं-पांढरं, मुदत, मानधन, हक्क, नाव गुप्त ठेवण्याची हमी, एवढं आलं पाहिजे. आणि ते पावसाळ्यात पाठवू नकोस. जुलैपासून सगळे चित्रकार दिवाळी अंकांच्या कामात बुडालेले असतात, कुणी उत्तर देणार नाही. भाऊबीज झाली की पाठव.

तुझी,
ताई