इंजिन बदललं, पीयूसी अडलं

प्रश्न : भाऊ, आमची 2011 ची पेट्रोल वॅगन-आर कसारा घाटात गरम होऊन बंद पडली. इंजिन जाम झालं होतं. मेकॅनिकने जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणून बसवलं. गाडी छान चालते, पण पीयूसी मिळत नाही. चाचणीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.92 टक्के आणि लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं माप) 1.09 आलंय. आरसीवर भारत स्टेज चार (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो, "ताई, ओळखीच्या ठिकाणाहून काढून आणतो, आणि इंजिनवर जुना नंबर ठोकून देतो, कुणाला कळणार नाही." यांना ते सोयीचं वाटतंय, मला भीती वाटते. गाडीची 15 वर्षांची मुदतही संपत आलीय. काय करावं?
— एक शिक्षिका, म्हसरूळ

उत्तर : ताई, तुमची भीती अगदी रास्त आहे. नंबरला हात लावू देऊ नका, हे सगळ्यात आधी. इंजिन बदलणं हा गुन्हा नाही. नंबर घासून दुसरा ठोकणं मात्र गुन्हा आहे, आणि तो गाडीमालकाच्या गळ्यात येतो. चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच बदलले जातात. उद्या तपासणी झाली तर तुमच्या साध्या, प्रामाणिक गाडीकडेही त्याच नजरेने बघतील.

आता पीयूसी. तुम्ही दोन्ही आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण निम्मं निदान त्यातच आहे. स्टेज चारच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता, सीओ 0.3 टक्क्यांच्या आत आणि एचसी (न जळलेलं इंधन) 200 पीपीएमच्या आत लागतो. मग रेस करून 2500 आरपीएमच्या आसपास धरतात. तिथे सीओ 0.2 च्या आत आणि लॅम्ब्डा 0.97 ते 1.03 या पट्ट्यात हवा. तुमचा सीओ जास्त आहे, म्हणजे धुरात अर्धवट जळलेलं पेट्रोल आहे. पण लॅम्ब्डा 1.09 म्हणजे हवाही जास्त दिसतेय. पेट्रोल जास्त आणि हवाही जास्त, हे एका सुदृढ इंजिनात एकाच वेळी होत नाही. सायलेन्सरच्या लाइनमध्ये कुठूनतरी बाहेरची हवा शिरत असली की बहुतेक वेळा असं होतं.

इंजिन उतरवून चढवलं की मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी पट्टी, नवीन टाकायची असते. बरेच जण जुनीच दाबून बसवतात. सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडा, चालू करा आणि मॅनिफोल्डच्या सांध्याजवळ कान द्या. टिक-टिक असा बारीक आवाज येतो आणि गाडी तापली की तो कमी होतो. सांध्याच्या कडेला काजळीची काळी रेघही उमटलेली दिसते. ही गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असली तर सेन्सरला वाटतं, हवा जास्त झाली. तो तसं ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) कळवतो आणि ईसीयू बिचारा आणखी पेट्रोल सोडतो. सीओ तिथूनच वाढतो. सातपूरला माझ्याकडे इंजिन बदललेल्या गाड्या पीयूसीसाठी येतात, तेव्हा मी स्कॅनर लावायच्या आधी हाच सांधा बघतो.

दुसरी गोष्ट विचारायला जरा अवघड वाटेल, पण विचाराच. तुमच्या गाडीचा मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर स्वच्छ करणारा डबा) जागेवर आहे का? त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे महाग धातू असतात, म्हणून भंगारात त्याला चांगला भाव येतो. इंजिन उतरवताना तो निघतो आणि परत लागताना त्या जागी कधी नुसती पोकळ नळी येते. तसं असेल तर ट्यूनिंगने काहीही होणार नाही. जुना परत मागा, नसेल तर नवा बसवा. खर्च मोठा आहे, मला कल्पना आहे. पण त्यावाचून ही गाडी 0.3 च्या आत येईल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. त्याच वेळी डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा बघा. किल्ली फिरवल्यावर तो पेटायला हवा आणि गाडी चालू झाली की विझायला हवा. पेटतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढून ठेवलाय.

गळती काढली, कन्व्हर्टर ठीक झाला, एअर फिल्टर आणि प्लग बदलले की गाडी त्र्यंबक रोडला चांगली वीस-पंचवीस मिनिटं फिरवा आणि गरम गाडी तशीच सेंटरवर न्या. थंड कन्व्हर्टर काम करत नाही, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा नापास होते.

आता कागद, आणि खरं सांगायचं तर मला पीयूसीपेक्षा याचीच जास्त काळजी वाटते. पीयूसीचं मशीन धूर मोजतं, इंजिनचा नंबर वाचत नाही. ओळखीने आणलेल्या पीयूसीने काही महिने निघतील. पण 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना पेठ रोडच्या आरटीओत निरीक्षक चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबर आरसीशी ताडून बघतील, आणि तिथे गाडी अडकेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल झाल्यावर 14 दिवसांत कळवायचा असतो. ती मुदत गेली असेल तरी स्वतःहून जा, पकडले जाण्याची वाट बघू नका.

तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट असू शकते. त्या वॅगन-आरमध्ये के-10 बी इंजिन होतं, तीन सिलिंडर, 998 सीसी. तेच इंजिन ए-स्टार, एस्टिलो आणि ऑल्टो के-10 मध्येही आलं. बसवलेलं इंजिन के-10 बीच असेल तर आरसीवर इंधन, सीसी, स्टेज काहीच बदलत नाही, फक्त इंजिन नंबर बदलतो. ही नोंद होण्यासारखी आहे. आधीच्या वॅगन-आरचं 1061 सीसीचं इंजिन बसवलं असेल तर मात्र प्रकरण वेगळं. ते काढून योग्य इंजिन टाका असंच मी म्हणेन. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही.

ज्याच्याकडून इंजिन घेतलं त्याच्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत मिळवा, आणि तिची नोंदणी रद्द झाली होती का ते विचारा. पोलिसांकडून ती गाडी चोरीच्या यादीत नसल्याची खातरजमा करून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते. नोंद झाली की विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नवा नंबर घालून घ्या. हे राहिलं तर उद्या अपघाताच्या क्लेमला वाद निघतो. विक्रेता बिल द्यायला टाळाटाळ करत असेल तर ताई, ते इंजिन त्याला परत करा आणि पैसे मागा. चालत्या गाडीतून इंजिन उतरवणं जिवावर येतं, पण बिल न देणाऱ्याचं इंजिन तुमच्या गाडीत राहू नये.

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात शिकते. तिथे तिला 1998 ची होंडा सिव्हिक स्वस्तात मिळतेय, पण तिचं इंजिन बदललेलं आहे. घ्यावी का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : तिथे याला स्मॉग चेक म्हणतात आणि कॅलिफोर्नियाचे नियम फार कडक आहेत. आपल्यासारखी नुसती धुराची चाचणी नसते. बॉनेट उघडून इंजिन कुठलं, त्याची सगळी प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा जागेवर आहे का, तेही बघतात. इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्याहून नवं लागतं. म्हणजे 1998 च्या गाडीत 1995 चं इंजिन चालणार नाही. शिवाय त्या इंजिनासोबत मुळात जे जे आलं होतं, म्हणजे कन्व्हर्टर, सेन्सर, ईसीयू, सगळं सोबत हवं. 1996 पासूनच्या गाड्यांना तिकडे ओबीडी-टू (गाडीतले दोष स्वतः टिपणारी यंत्रणा) लागतं, तेही चालू असायला हवं.

मूळच्यापेक्षा वेगळं इंजिन बसवलेली गाडी आधी सरकारी रेफरीकडे न्यावी लागते. त्याने पास केली की तो गाडीवर लेबल लावतो, मग पुढची तपासणी नेहमीच्या स्टेशनवर होते. मुलीला सांगा, विक्रेत्याकडे दोनच गोष्टी माग : रेफरीचं लेबल आणि ताजं स्मॉग प्रमाणपत्र. इतक्या जुन्या गाडीचं ते प्रमाणपत्र देणं ही तिथे विकणाऱ्याची जबाबदारी आहे. "नंतर करून घे" म्हणाला तर कितीही स्वस्त असली तरी गाडी सोडून द्यावी. शिकणाऱ्या मुलीच्या मागे परदेशात ही धावपळ नको.

प्रश्न : आमच्या मळ्यात महिंद्राची जुनी डिझेल जीप आहे, 2498 सीसीची. द्राक्षांच्या क्रेट घेऊन चढाला लागली की काळा धूर सोडते, पीयूसी होत नाही. मित्र म्हणतो, बोलेरोचं टर्बो इंजिन टाकून दे.
— एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : दादा, इंजिन बदलू नका. तुमच्या जीपला त्याची गरज आहे असं या लक्षणांवरून वाटत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. पांढरा असता तर कॉम्प्रेशन किंवा टायमिंग बघायला सांगितलं असतं. ओझं ओढावं म्हणून कुणीतरी डिझेल पंपाचा स्क्रू उघडून डिझेल वाढवलेलं असणार. मळ्यातल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं.

स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा (धूर किती प्रकाश अडवतो त्याचं माप) 2.45 आहे, आणि नीट असलेलं जुनं इंजिन त्यात बसतं. एअर क्लीनर साफ करा, बागेतली धूळ त्यात फार बसते. मग पंप आणि नोझल दोन्ही काढून बेंचवर कॅलिब्रेट करून घ्या. मायकोच्या (बॉशचं जुनं नाव) काळापासून सातपूरला बॉशचा कारखाना आहे, त्यामुळे या कामाचे चांगले कारागीर नाशकात आहेत. त्यांना सांगा, डिझेल कंपनीच्या मापावर आणा आणि पंप सील करून द्या. चढाला जीप थोडी मंद होईल, त्यासाठी क्रेट कमी भरा.