फ्रान्सच्या निवडणुकीवर लिहायचं तर स्वतःचं मत नसायला हवं का?

तुझं पत्र वाचलं. टीवायला फ्रेंच, मराठी पोर्टलवर इंटर्नशिप, आणि 2022च्या फ्रेंच राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरच्या लेखात ‘58 टक्के जनता मॅक्रॉनसोबत’ असं लिहिलंस म्हणून एडिटरने बायस्ड म्हणून परत केला. आता विचारतेयस की मॅक्रॉन आवडतो म्हणजे पत्रकारिता सोडून सरळ ट्रान्सलेशनकडे वळू का.

अगं, मत असू दे की! वाक्य चुकलं ते कशाचे टक्के हे न बघितल्यामुळे. 58.55 टक्के हे दुसऱ्या, निर्णायक फेरीतल्या वैध मतांपैकी आहेत, मतदारयादीत साधारण 4 कोटी 87 लाख लोक होते, त्यातले 1 कोटी 36 लाख मतदानालाच गेले नाहीत, 22 लाखांनी कोरी मतपत्रिका टाकली, ती मोजतात पण वैध धरत नाहीत, आणि मॅक्रॉनना मिळाली 1 कोटी 87 लाख, म्हणजे यादीच्या साडेअडतीस टक्के. पण आता उलट्या बाजूला जाऊन ‘फक्त 38 टक्के’ अशी हेडिंग देऊन त्यांच्या प्रतिस्पर्धी मरीन ल पेन यांचे मात्र 41.45च ठेवलेस तर तोही पक्षपातच, कारण त्याच हिशोबाने त्यांचे 27 होतात. दोघांना एकच माप लाव, मग तुला कोण आवडतं हे वाचणाऱ्याला कळणारही नाही.

लेबलचंही तसंच. ल पेनच्या पक्षाला ‘कट्टर उजवा’ कोण म्हणतं ते लिही: तिथल्या गृहमंत्रालयाने तसं वर्गीकरण केलं, पक्षाने त्याला आव्हान दिलं, मार्च 2024मध्ये कॉन्से द-एताने (तिथलं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय) ते योग्य ठरवलं, आणि पक्षाला हे लेबल आजही मान्य नाही. हे सगळं दोन ओळींत बसतं गं.

आणि हे तुला जमेल कारण तू मूळ फ्रेंच वाचू शकतेस, मराठी डेस्कवर बहुतेक जण इंग्रजी एजन्सीची कॉपी फिरवतात. ट्रान्सलेशन की पत्रकारिता हा प्रश्न आत्ता नकोच. फ्रेंचची डेल्फ बी2 परीक्षा झाली असेल तर त्यापुढच्या डाल्फ सी1ची तयारी सुरू कर, पदवीनंतर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला जर्नलिझमचा फॉर्म भर. 2027च्या निवडणुकीत मतदानाच्या रविवारी फ्रान्समध्ये रात्री 8 आधी निकालाचे अंदाज द्यायला कायद्याने बंदी असते, म्हणजे आपल्याकडे 11:30, बेल्जियम-स्वित्झर्लंडच्या साइट्सवर आकडे आधीच फिरायला लागतात, ते उचलू नकोस. तोवर तो परत आलेला लेख नीट करून एडिटरला पुन्हा दे, आकड्यांसाठी फ्रेंच गृहमंत्रालयाची निकालाची साइट उघडून बस.