लाल-पांढऱ्या-निळ्या वाघिणींमध्ये नक्की काय जायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की, अमेरिकेतल्या बँगर अँड अरूस्टुक रेल्वेच्या 'स्टेट ऑफ मेन प्रॉडक्ट्स' लिहिलेल्या तिरंगी पट्ट्यांच्या वाघिणी (मालगाडीचे बंद डबे) माल थंड ठेवण्यासाठी होत्या का, आणि पुढे हा धंदा का बुडाला?

थंड ठेवण्यासाठी मुळीच नाही. आतला माल गोठू नये, यासाठी त्या बांधल्या होत्या. माल म्हणजे बटाटा. मेन राज्याचं उत्तर टोक म्हणजे अरूस्टुक काउंटी, बटाट्याचा मुलूख. काढणीच्या हंगामात तिथल्या शाळांना सुट्टी मिळायची आणि पोरंसोरं शेतात राबायची. निघालेलं पीक रुळांलगतच्या, अर्ध्या जमिनीत गाडलेल्या कोठारांत साठवायचं आणि हिवाळाभर भाव बघून बोस्टन-न्यूयॉर्ककडे पाठवायचं, अशी पद्धत. बाहेर पारा उणे वीसच्याही खाली, आणि बटाटा तर शून्याच्या किंचित खाली गेला की संपला. वितळल्यावर पाणी सुटतं, आतून काळा पडतो, कोणी हात लावत नाही.

म्हणून 1950 पासून या रेल्वेने भिंतींत उष्णतारोधक अस्तर असलेल्या वाघिणी आणल्या आणि त्यांच्या पोटाखाली हीटर बसवले. मला सगळ्यात आवडतो तो या कंपनीचा हिशेब. बटाट्याचा हंगाम संपला की त्याच वाघिणींत मेनमधल्याच मिलिनॉकेट गावच्या कागदगिरणीतला वर्तमानपत्री कागद भरायचा. त्यांच्याकडे बर्फ भरायच्या खास वाघिणीही होत्या. त्या उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस या कंपनीला फळं-भाज्यांसाठी भाड्याने द्यायच्या आणि थंडी पडली की बटाट्यासाठी परत बोलवायच्या. एका लहान, प्रादेशिक रेल्वेने इतका विचार करावा याचं मला फार कौतुक वाटतं.

आता बुडाला का ते. अस्तर ऊब निर्माण करत नाही, असलेली ऊब निघून जायला वेळ लावतं, इतकंच. हीटरचं इंधनही ठरावीक वेळच पुरतं. म्हणजे सगळी भिस्त गाडी वेळेवर पोचण्यावर, आणि बँगरजवळच्या जंक्शनला माल दुसऱ्या कंपनीच्या हवाली केला की ते यांच्या हातात उरायचं नाही. 1968 मध्ये दोन अवाढव्य रेल्वे एकत्र येऊन पेन सेंट्रल झाली आणि तिच्या यार्डांत गोंधळ माजला. 1969-70 च्या हिवाळ्यात तिच्या न्यूयॉर्क राज्यातल्या सेलकर्क यार्डात बटाट्याच्या वाघिणी तुंबून राहिल्या, हीटरचं इंधन संपलं आणि माल जागेवर गोठला. जून 1970 मध्ये पेन सेंट्रलने दिवाळं काढलं, त्यामुळे शेतकऱ्यांना भरपाईही मिळाली नाही.

महामार्ग अरूस्टुकमधल्या हौल्टनपर्यंत आलेला होताच. शेतकरी ट्रककडे वळले ते कायमचे. ट्रक आला म्हणून रेल्वे हरली, असं सरसकट सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. चूक दुसऱ्याच्या यार्डात झाली, आणि गिऱ्हाईक मात्र यांचं तुटलं. बँगर अँड अरूस्टुक नंतर मुख्यतः कागद आणि लाकडावर तगली, 2003 मध्ये विकली गेली.

रेल्वेची छोटी मॉडेलं करणाऱ्यांसाठी एक सांगतो: ही वाघीण देखाव्यात ठेवायची तर भोवती बर्फ दाखवा, आणि मागे मातीत दडलेलं बटाट्याचं कोठार.