शेण, खरकटं की पालापाचोळा: कशापासून जास्त बायोगॅस मिळतो?

किलोला किलो धरलं तर खरकटं जिंकतं. ताज्या शेणापासून किलोमागे साधारण 40 लिटर गॅस मिळतो; शिळा भात, पोळ्या, भाज्यांचे देठ यांतून त्याच्या दुप्पट किंवा जास्तही. कारण सरळ आहे. शेणातला पचण्याजोगा भाग जनावराने आधीच पचवलेला असतो, भातातला स्टार्च मात्र जिवाणूंना आयता मिळतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शहरी घरांसाठी छोटं संयंत्र बनवलं, ते याच तत्त्वावर.

तरीही सुरुवात शेणानेच करा, हे आग्रहाने सांगतो. मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, तयार करणारे जिवाणू शेणातूनच येतात. नुसतं खरकटं ओतलं की आम्ल वाढतं, टाकीला आंबूस वास सुटतो आणि गॅस पेटेनासा होतो. तसं झालं तर काही दिवस खरकटं बंद ठेवून शेणकालाच घालावा. लिंबा-संत्र्याच्या साली टाळाव्यात.

कोंबडीखत गॅस चांगला देतं, पण अमोनियामुळे ते शेणात मिसळूनच वापरावं. वाळका पालापाचोळा, भाताचा पेंढा घरच्या टाकीत नकोच. त्यातलं लिग्निन, म्हणजे झाडाला कडकपणा देणारा घटक, सहज कुजत नाही; पाला-पेंढा वर तरंगतो आणि साय धरते. त्याचं कंपोस्ट करा.

चार-पाच जनावरं असतील तर 2 घनमीटरचं शेणाचं संयंत्र बिनघोर चालतं.