पैसे सगळ्यात शेवटी भर

प्रिय बापू,

दिवाळीच्या सुट्टीत वेचणीला जाऊन जमवलेल्या पैशांतून लॅपटॉपवर गेम घ्यायचा म्हणतोस. जरूर घे, घामाचे पैसे आहेत. फक्त क्रम उलटा ठेव: पैसे सगळ्यात शेवटी भर.

स्टीम म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. तिथं गेम पटला नाही तर पैसे परत मिळतात. अट अशी की, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागायचे आणि तोवर गेम २ तासांपेक्षा कमी चाललेला असावा. घरात फायबर असलेल्याला ही मुदत भरपूर झाली. आपल्याकडे रोजच्या २ जीबीच्या रिचार्जवर १४ दिवसांत उतरतात २८ जीबी, तेही टॉवरनं साथ दिली तर. गेम ९० जीबीचा असेल तर तो पहिल्यांदा उघडायलाच दीड महिना लागतो. तोवर मुदत कधीच संपलेली असते आणि पटो न पटो, गेम गळ्यात पडतो. गावाकडच्या पोरांची सगळ्यात जास्त हळहळ इथंच होते.

म्हणून गेमच्या पानावर किमतीच्या आधी खालचा तपशील वाच. स्टोरेज, मेमरी आणि ग्राफिक्स या तीन ओळी बघायच्या. 'मिनिमम' म्हणजे गेम कसाबसा चालेल. तू 'रेकमेंडेड'शी ताडून बघ. तुझं ग्राफिक्स कोणतं ते टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयूखाली दिसतं. तिथं नुसतं इंटेलचं नाव असेल आणि गेम वेगळं ग्राफिक्स कार्ड मागत असेल, तर तो विषय तिथंच सोड.

आता मोठ्या गेमचा उपाय. तालुक्याला ज्या मित्राकडे तोच गेम आहे, त्याला आधी तो अपडेट करायला सांग. मग त्याच्या कॉम्प्युटरवर स्टीमच्या 'स्टीमअ‍ॅप्स' फोल्डरमधल्या 'कॉमन' फोल्डरातून त्या गेमचं अख्खं फोल्डर उचलून आण. पेनड्राइव्ह फॅट३२ या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, जागा रिकामी असली तरी. तो आधी एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट कर. त्यातलं सगळं पुसलं जातं, तेवढं ध्यानात ठेव. घरी फोल्डर त्याच नावानं आपल्या 'कॉमन'मध्ये टाक, आणि मगच गेम विकत घेऊन इन्स्टॉल दाब. स्टीम असलेल्या फाइली तपासतं आणि उरलेलंच उतरवतं. डाउनलोडचा आकडा शून्यापासून धावायला लागला, तर लगेच थांबव. फोल्डरचं नाव किंवा जागा चुकली आहे. खेळायला स्वतःची खरेदी लागतेच, त्यामुळे यात चोरी काही नाही.

दोन तासांचं घड्याळही नीट समजून घे. गेम उघडा असला की ते चालतं, तू खेळ अगर नको. २०२० चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर स्टीमवर आधी छोटा उतरायचा आणि बाकीचा ढीग उघडल्यावर आतून उतरवायचा. तो वेळ खेळण्यातच मोजला जायचा. असा गेम आपल्या नेटवर घेऊच नये.

घेतल्यावर चारच दिवसांत सेल लागला तर जीव जाळू नकोस. १४ दिवस आणि २ तासांच्या आत असशील तर पैसे परत माग आणि सेलच्या भावात पुन्हा घे. हा गैरवापर धरत नाही, असं स्टीमच्याच नियमात लिहिलंय. बाहेरच्या साइटवरून स्वस्तात घेतलेल्या 'की'ला (गेम सुरू करायच्या कोडला) मात्र स्टीम परतावा देत नाही.

मोबाइलवरचं दुखणं वेगळं. तिथं एकदम मोठी रक्कम जात नाही. ८९ रुपये आठवड्यातून दोनदा म्हटलं तर वर्षाला ९,२५६ होतात, आणि हाती राहतो कपड्यांचा नि बंदुकीचा रंग. पेटीतून काय निघेल ते पैसे भरल्यावरच कळतं, अशा खरेदीला तर हातच लावू नकोस. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा विचारायची सोय आजच सुरू कर. घरातली लहान लेकरं फोन घेतातच. चुकून पैसे गेलेच तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा माग.

सर्व्हरवर चालणारा गेम आपल्या मालकीचा कधीच होत नाही. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, तेव्हा त्यात पैसे घातलेले लाखो जण बघत राहिले. 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला, तो एकट्यानंही खेळता येत नाही. त्यामुळे पानावर 'सिंगल प्लेअर' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नकोस. इंटरनेट सतत लागतं का, तेही बघ. आपल्याकडे वारा सुटला की नेट जातं.

रविवारी बाजाराला तालुक्याला जाशील, तेव्हा पेनड्राइव्ह घरूनच फॉरमॅट करून ने. आणि निघण्याआधी लॅपटॉपवर किती जागा रिकामी आहे, ते बघून घे.

तुझा,
काका