दोन व्हीओआर, तीन डिग्रीचा फरक

प्रश्न: सर, मी ऐरोलीचा, सध्या अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर विमान चालवायचा परवाना) करतोय, सुट्टीला घरी आलोय. आमच्या ट्रेनिंगच्या विमानातले दोन व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनवरून दिशा दाखवणारे रिसीव्हर) एकाच स्टेशनला लावले तर त्यांच्यात 3 डिग्रीचा फरक आला आणि लॉगमध्ये नुसतं ‘ओके’ लिहिलंय. हे चालतं का? आणि जीपीएस असताना एवढा खटाटोप कशाला?

उत्तर: फरक चालतो, पण नुसतं ‘ओके’ चालत नाही. तिथला 91.171 नियम म्हणतो की आयएफआरला, म्हणजे उपकरणांवरच्या उड्डाणाला, व्हीओआर वापरायचा तर गेल्या 30 दिवसांत चेक झालेला हवा आणि तारीख, जागा, किती डिग्रीची एरर, सही हे सगळं लिहायचं. एकमेकांशी पडताळताना 4 डिग्रीपर्यंत चालतं, म्हणून तुमचं विमान बसलं नियमात. पण मला एवढ्यावर समाधान वाटत नाही बघ, कारण फरक कळतो, चुकतोय कोण ते कळत नाही, आणि दोघंही एकाच बाजूला सरकले असतील तर तेही दिसत नाही.

म्हणून जिथे व्हीओटी, म्हणजे व्हीओआर तपासायचा टेस्ट सिग्नल, आहे त्या एअरपोर्टवर चेक कर. व्हीओआर स्टेशन 30 हर्ट्झचे दोन सिग्नल पाठवतं, त्यांच्या फेजमधल्या फरकावरून रिसीव्हर रेडियल, म्हणजे स्टेशनपासून आपण कुठल्या दिशेला आहोत ते, काढतो. व्हीओटी तो फरक मुद्दाम शून्य ठेवतं, त्यामुळे तू एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) कुठेही उभा राहा, नाक कुठेही असू दे, डायलची सुई मध्ये आणली की फ्रॉमला (स्टेशनपासून) 360 नाहीतर टूला (स्टेशनकडे) 180 यायलाच हवं, चार डिग्री इकडे-तिकडे. (सेसना 182 या विमानाचं नाव लक्षात ठेव: 180, टू.) हवेतल्या चेकपॉइंटवर, म्हणजे उडताना ठरलेल्या जागेवरून चेक केला तर, मात्र 6 पर्यंत सूट आहे.

स्टेशनपासून 60 नॉटिकल मैलांवर 1 डिग्री म्हणजे साधारण 1 मैल, म्हणजे तुझे 3 डिग्री तिथे साडेपाच किलोमीटर, आपण ऐरोलीवर आहोत असं वाटावं आणि विमान मुलुंडवर असावं! आणि जीपीएस जाम होतो, त्यात खोटा सिग्नलही घुसवता येतो, म्हणून तर बरीच व्हीओआर स्टेशनं बंद करूनही अमेरिकेने त्यांचं किमान नेटवर्क मुद्दाम चालू ठेवलंय.

परत गेलास की प्रत्येक रिसीव्हरचा आकडा वेगळा लिही, कुठल्या बाजूला तेही. मागच्या महिन्यात 1 होता आणि आता 3 झाला तर एव्हिऑनिक्सवाल्याला (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करणाऱ्याला) लगेच दाखव, 4 व्हायची वाट बघू नकोस.