न बोलणाऱ्या मुलाचं ऐकायचं कसं?

ऑटिझम असलेल्या आणि तोंडाने बोलू न शकणाऱ्या मुलामुलींच्या घरांतून इंदूरहून आलेल्या चार पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न: माझा मुलगा 16 वर्षांचा आहे. दिवसभर "पाणी, पाणी" एवढंच म्हणतो आणि ग्लास पुढे केला की ढकलतो. तपासणीत सांगितलं की समज तीन वर्षांच्या मुलाएवढी आहे. त्याच्याशी बोलताना आम्ही काय धरून चालायचं?
— एक आई, सुदामा नगर

उत्तर: तो 16 वर्षांचा आहे, हेच धरून चाला. त्या तपासणीत बहुतेक प्रश्नांची उत्तरं बोलून, बोट दाखवून किंवा ठोकळे लावून द्यायची असतात. म्हणजे हात आणि तोंड सांगितल्याबरोबर चाललं पाहिजे. नेमकं तेच ज्याला जमत नाही, त्याचा आकडा खाली येणारच. त्या आकड्यातून त्याला काय करून दाखवता आलं ते कळतं. त्याला किती समजतं, हे त्यावरून ठरवता येत नाही.

कुणाचाही हात न लागता स्वतःच्या बोटाने टाइप करायला शिकलेल्या न बोलणाऱ्या ऑटिस्टिक तरुणांनी हे वारंवार लिहिलं आहे. उत्तर डोक्यात तयार असतं, पण शरीर ते बाहेर काढू देत नाही. उठायचं ठरवलं तरी उठणं सुरूच होत नाही. कधी तोंडातून भलताच शब्द निघतो, कारण तो सवयीचा आहे आणि जीभ त्याच वाटेने जाते. तुमच्याकडचं "पाणी" तसं असण्याची बरीच शक्यता आहे. तो अस्वस्थ आहे, काहीतरी हवं आहे, आणि सापडणारा शब्द तेवढाच आहे. ग्लास ढकलला की "मागतो कशाला मग?" असं म्हणून त्याला रागावू नका.

त्याऐवजी कागदाच्या तीन चिठ्ठ्या करा. दोन चिठ्ठ्यांवर शक्य वाटणाऱ्या गोष्टी लिहा, उदाहरणार्थ "बाहेर जायचं" आणि "आवाज बंद करा". तिसरीवर "यातलं नाही" लिहा. ही तिसरी चिठ्ठी कधीच वगळू नका. ती नसेल तर त्याला तुमच्या दोन अंदाजांपैकी एक उचलावाच लागतो. चिठ्ठ्या वाचून दाखवा, एकमेकींपासून हातभर अंतरावर ठेवा आणि मनात दहापर्यंत मोजा. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर आणखी थांबा, पण प्रश्न पुन्हा विचारू नका, कारण नव्याने ऐकलं की त्याची जुळवाजुळव पहिल्यापासून सुरू होते. पुढच्या खेपेला चिठ्ठ्यांच्या जागा बदला. बरीच मुलं उजवीकडचीच किंवा शेवटी वाचलेलीच चिठ्ठी उचलतात. जागा बदलल्यावरही तीच निवड आली तर ती खरी समजा. चित्रं जास्त सोपी जात असतील तर चित्रं वापरा.

आणि त्याच्यासमोर त्याच्याबद्दल "याला काही कळत नाही" हे बोलणं आजपासून बंद. पाहुण्यांनाही तसं सांगा. तो खिडकीकडे बघत असला तरी ऐकत असू शकतो. ऐकणं आणि बघणं एकदम करणं अनेकांना जड जातं, म्हणून ते नजर काढून घेतात. "इकडे बघ" म्हणत हनुवटी धरली तर तो बघेल, पण ऐकणं थांबेल.

प्रश्न: नात 19 वर्षांची आहे. एक ताई येतात, तिचं मनगट धरतात आणि ती अक्षरांच्या बोर्डवर मोठी मोठी वाक्यं लिहिते. घरात आनंद आहे, पण मला मनात शंका येते. लिहितंय कोण?
— एक आजी, रामबाग

उत्तर: आजी, तुमची शंका रास्त आहे आणि ती बोलून दाखवायलाच हवी. हात धरून टाइप करवण्याच्या या पद्धतीची 1990 च्या दशकात नीट तपासणी झाली. टाइप करणाऱ्याला एक चित्र आणि त्याचा हात धरणाऱ्याला दुसरं चित्र दाखवलं, तेव्हा बोर्डवर हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचं नाव उमटलं. हात धरणारे लबाडी करत नव्हते. आपण बोट ढकलतो आहोत हे त्यांना स्वतःलाच जाणवत नव्हतं. म्हणूनच अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट सांगितलं. बोर्ड हवेत धरून पुढे करण्याच्या पद्धतीचीही त्याच वर्षी त्यांनी शिफारस नाकारली. धरलेला बोर्ड नकळत सरकतो, इशारा देतो.

नातीच्या तोंडी दुसऱ्याचं बोलणं घातलं जात असेल तर तिच्यावर तो अन्यायच आहे. पण बोर्ड फेकू नका. फक्त हात काढा. बोर्ड टेबलावर तिरक्या स्टँडवर पक्का बसवा, ताईंना बाजूला बसू द्या आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर राहू द्या. सुरुवातीला मोठी वाक्यं बंद होतील, चारच अक्षरं येतील. ती चार अक्षरं तिची असतील. आणि लिहिणं आलंच नाही तर चित्रं, चिठ्ठ्या, खुणा यांनीही स्वतःचं म्हणणं सांगता येतं. हो, नाही, थांब आणि दुखतंय एवढं जरी तिला पक्कं सांगता आलं तरी दिवस पालटतो.

देवनागरी बोर्ड घरी होतो. ए-3 कागद आडवा घ्या, दहा उभे रकाने आणि सहा ओळी आखा. प्रत्येक घर 4 सेंटिमीटर रुंद आणि साधारण साडेचार उंच येतं. ङ आणि ञ सोडून, क्ष आणि ज्ञ धरून 34 व्यंजनं, अ ते औ 10 स्वर, अनुस्वारासह 10 मात्रा, पायमोड्याचं एक घर आणि "हो, नाही, थांब, चुकलं, संपलं" ही पाच घरं, अशी साठ भरतात. "चुकलं" हे घर हवंच. ते नसेल तर मधेच बोट घसरलं तरी दुरुस्त करायला वाव नसतो. लॅमिनेशन मॅट करा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि अक्षरं दिसत नाहीत.

पहिल्याच दिवशी साठ घरं समोर ठेवू नका. आठ-दहा अक्षरांच्या छोट्या बोर्डपासून सुरू करा. मात्रांशी अडखळायला होतं, विशेषतः पहिल्या वेलांटीशी. "दि" ऐकताना द आधी येतो, पण कागदावर वेलांटी आधी दिसते. ती कोणत्याही क्रमाने दाखवली तरी मान्य करा. ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवा. तिने "प ण" दाखवलं की "पाणी!" असं ओरडून तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. विचारा, "पाणी?" आणि हो-नाहीची वाट बघा. ते "पण"ही असू शकतं.

इंदूरच्या मराठी घरांची एक सोय आहे. हाच बोर्ड हिंदीलाही चालतो. शाळेत, क्लासमध्ये हिंदी, आजीशी मराठी, आणि दोन्हीची सरमिसळ झाली तरी ती टोकायची नाही. मोबाइलवर चित्र दाबलं की शब्द बोलून दाखवणारं साधन हवं असेल तर मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं "जेलो" मराठी आणि हिंदीत मिळतं. "बटण दाबायची सवय लागली तर बोलणारच नाही" ही भीती मात्र सोडा. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अशा साधनांमुळे बोलणं कमी झाल्याचं एकही उदाहरण आढळलं नाही. बहुतेकांचं थोडं वाढलंच.

प्रश्न: भावाला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला राजवाड्याला नेलं तर तो स्वतःच्या डोक्यावर मारायला लागला. महिनाभर झाला, आता घरीही मारतो. गर्दीची भीती बसली का?
— एक बहीण, जुनी इंदूर

उत्तर: त्या दिवशीचं कारण गर्दी, डीजे आणि अंगावर येणारे पाण्याचे फवारे असेल. पण घरी शांततेतही सुरू असेल तर आधी दुखणं शोधा. न बोलणाऱ्या मुलांचं दुखणं "हे ऑटिझममुळेच" म्हणून सर्रास राहून जातं. दात, कान, बद्धकोष्ठता, जळजळ, लघवीची आग या क्रमाने डॉक्टरांना तपासायला सांगा. नवीन आहे, डोक्याच्या एकाच बाजूला मारतो, जेवताना वाढतं, रात्री उठतो, अशी नोंद तारखेसह लिहून न्या. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्याहून उपयोगी. मधेच टक लावून थांबतो का, हेही बघा. किशोरवयात अनेक ऑटिस्टिक मुलांना फिट सुरू होतात.

पुढच्या वर्षी गेर हवी का, हे त्याला चिठ्ठ्यांनीच विचारा. हवी असेल तर मुख्य रस्त्यावर न जाता एखाद्या ओळखीच्या गॅलरीतून, कानांवर इयरमफ घालून बघू द्या. "निघू या" असं कार्ड त्याच्या हातात द्या आणि त्याने ते दाखवलं की लगेच निघा. "पाचच मिनिटं" म्हणत थांबलात की त्या कार्डावरचा विश्वास संपतो. रंग लावायचा तर आधी मुठीत दाखवा. लावणं न लावणं त्याच्या हातात.

प्रश्न: मुलगी पुढच्या वर्षी 18 पूर्ण करेल. आम्ही आपोआप पालक राहतो का? परीक्षेत काही सवलत आहे?
— एक वडील, राजेंद्र नगर

उत्तर: राहत नाही. 18 पूर्ण झाल्यावर पालकत्वासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वही आहे. त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे असतात. त्याचा विचार आधी करा, कारण त्यात मुलीचं म्हणणं विचारात घ्यावंच लागतं. तिला स्थानिक स्तर समितीसमोर न्याल तेव्हा तिचा बोर्ड किंवा चिठ्ठ्या बरोबर ठेवा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अजून नसेल तर ते आधी काढा. पुढच्या अर्जांना ते लागतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो.

परीक्षेत लेखनिक घेता येतो आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान 20 मिनिटं जास्त मिळतात. अर्ज परीक्षेच्या ऐन तोंडावर देऊ नका. आणि लेखनिकाबरोबर सराव करून घ्या. ती अक्षर दाखवेल आणि तो तेच लिहील, पुढचं अक्षर सुचवणार नाही, हे त्याला आधी शिकवावं लागतं.